द्वारका ते शरणपूर : नाशिकच्या आफ्रिकी बांधवांचा माग

नाशिक जिल्हा म्हटला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन ठिकाणे उभी राहतात. पहिले त्रिरश्मी लेणी, दुसरे काळाराम मंदिराचा दरवाजा आणि तिसरे येवल्याची मुक्तिभूमी. पावसाळा संपला की गावोगावच्या विहारांतून सहली निघतात, त्या याच तीन ठिकाणी जाऊन परत फिरतात. ही तिन्ही ठिकाणे आपण पाहिलीच पाहिजेत, यात वाद नाही. पण याच नाशिक शहरात चौथे एक ठिकाण आहे आणि तिथे फारसे कोणी जात नाही. गुलामगिरीच्या बाजारातून सुटलेली शेकडो कोस दूरची आफ्रिकी मुले ज्या गावात वाढली, हातोडा-करवत धरायला शिकली, लिहायला-वाचायला शिकली, ते गाव म्हणजे शरणपूर. या वेळी आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली आणि शरणपूर शोधायला निघालो.

द्वारकेचा चौक

नाशिकरोड स्टेशनावर उतरून शहरात येणाऱ्या माणसाला द्वारका चुकत नाही. ही द्वारका श्रीकृष्णाची नव्हे, रहदारीची! इथे पुण्याकडून येणारा रस्ता आणि मुंबई-आग्रा महामार्ग एकमेकांना भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे, खाली एसटी, ट्रक, सिटीलिंकच्या बसगाड्या आणि रिक्षा यांची एकच गर्दी. पायी चालणाऱ्याने जीव मुठीत धरूनच रस्ता ओलांडावा. इथून त्रिरश्मीला जायचे तर आग्रा रोडने मुंबईच्या दिशेला, शहरात जायचे तर सारडा सर्कलवरून पुढे.

पण क्षणभर थांबून हा आग्रा रोड नीट पाहावा. हा रस्ता जुना आहे. रेल्वे कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे आली ती १८६५ साली. त्याआधी मुंबईहून नाशिकला आलेल्या प्रत्येकाला निदान घाट तरी या रस्त्यानेच चढावा लागला. शरणपुरात अगदी सुरुवातीला आलेली आफ्रिकी मुलेही त्याला अपवाद नव्हती. समुद्र पाहून आलेली, आईबापांपासून तोडलेली, भाषा न कळणारी ती लेकरे हा घाट चढताना काय विचार करीत असतील, ते आपण आपल्या लेकरांकडे पाहूनच समजून घ्यावे.

आम्ही रिक्षावाल्याला विचारले, “दादा, शरणपूरला येता का?”

तो म्हणाला, “शरणपूर रोडला कुठं, ताई? कॅनडा कॉर्नरला सोडू की राजीव गांधी भवनाला?”

आम्ही म्हटले, “रोडला नाही हो, शरणपूर गावात.”

त्यावर तो हसला. “गाव कुठलं आलंय आता? रोडच आहे तो.”

त्याच्या त्या एका वाक्यात सगळी गोष्ट आली. गाव होते, त्याचा रोड झाला. नाव राहिले, माणसे गेली. महापालिकेचे मुख्यालय असलेले राजीव गांधी भवन याच शरणपूर रोडवर आहे. रोज हजारो लोक दाखल्यांसाठी, घरपट्टीसाठी तिथे येतात. अर्जावर पत्ता लिहिताना ‘शरणपूर’ हा शब्द लिहितात. पण कोण कोणाला शरण आले, कशासाठी आले, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

सारडा सर्कल मागे टाकून शालिमारला आलो. तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. पुढे सीबीएस आणि त्यापुढे शरणपूर रोड. दोन्ही बाजूंना दवाखाने, बँका, सोसायट्या, कपड्यांची दुकाने. आम्हाला दिसलेल्या पाट्यांवर रस्त्याचे नाव होते, रस्त्याची गोष्ट नव्हती. जुन्या वस्तीची खूण म्हणावी असे मुख्यतः संत आंद्रिया चर्च आणि त्याच्या आसपासची मराठी ख्रिस्ती कुटुंबे. तिथे सावलीला बसून आम्ही बरोबर आणलेली टिपणे काढली आणि मुलांना ही हकिकत सांगितली. तीच आता वाचकांना सांगतो.

गलबतातली लेकरे

इंग्रजांनी १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरीच रद्द करण्याचा कायदा केला, पण त्यातून कंपनी सरकारचा मुलूख, म्हणजे आपला देश, वगळला होता. आपल्याकडे तो कायदा यायला १८४३ साल उजाडले. कायदा झाला तरी धंदा थांबला नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झांझिबार बेटात माणसांचा उघड बाजार भरे. न्यासा सरोवराच्या आसपासची, म्हणजे आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या देशांतली गावे लुटून माणसे पकडली जात. बायका, मुले, तरुण यांना मानेला जोखड बांधून किनाऱ्यापर्यंत चालवत आणीत. जे वाटेत पडत ते तिथेच सोडून दिले जात. जे उरत ते गलबतात कोंबून अरबस्तानाकडे पाठवले जात.

इंग्रजांची लढाऊ जहाजे समुद्रात ही गलबते पकडीत. पण सुटलेल्या माणसांचे करायचे काय? त्यांचे गाव जळून गेलेले, वाट माहीत नाही आणि परत सोडले तर पुन्हा पकडले जाण्याची खात्री. म्हणून अनेकांना एडनला आणि मुंबईला आणून उतरवले जाई. मुंबईत ही माणसे पोलीस कमिशनरच्या ताब्यात दिली जात. कोणी गोदीत कामाला लागे, कोणी आगबोटीवर कोळसा ओढी, कोणी बड्या घरी नोकर म्हणून जाई. लहान मुले मात्र मिशनऱ्यांकडे सोपवली जाऊ लागली.

चर्च मिशनरी सोसायटी या विलायती संस्थेचे काम नाशिकला १८३२ पासून होते. या संस्थेचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिक शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसवली आणि तिला शरणपूर असे नाव दिले. शरण आलेल्यांचे पूर, आश्रयाचे गाव. त्रिसरण घेणाऱ्या आपल्या कानाला हा शब्द परका नाही. या वसाहतीत अनाथ मराठी मुले होती आणि त्यांच्या जोडीला आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘आफ्रिकन असायलम’ असे येते आणि तिथे वाढलेल्या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. मुलीही तिथे शिकत होत्या. पण जुन्या कागदांत त्यांची ओळख बहुधा ‘अमक्याची बायको’ एवढ्यापुरतीच येते. गुलामाचा इतिहास दुर्लक्षित, आणि त्यातही गुलाम बाईचा त्याहून दुर्लक्षित!

शरणपुरात सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, शिवणकाम असे धंदे शिकवले जात. त्याबरोबर अक्षरओळख, इंग्रजी आणि बायबल. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस नवा नव्हता. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच होता. जंजिऱ्याचा सिद्दी तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण मलिक अंबर आणि जंजिरेकर तलवारीच्या जोरावर मोठे झाले, म्हणून ते बखरीत आले. शरणपूरच्या मुलांच्या हातात तलवार नव्हती, रंधा आणि पाटी होती. त्यांना बखरीत जागा कोण देणार?

नावाचा प्रश्न

हे सांगत असताना आमच्यातल्या एका मुलीने विचारले, “त्यांची खरी नावं काय होती?”

प्रश्न साधा, पण जिव्हारी लागणारा. कारण मिशनच्या नोंदीत आपल्याला भेटतात ते जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, कारस फरार, रिचर्ड आयझेनबर्ग. यांतली प्राइस, फरार, आयझेनबर्ग ही आडनावे कोणाची? नाशिक-मुंबईकडे काम करणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांची! बाप्तिस्मा झाला की मुलाला नवे नाव मिळे आणि आईने ठेवलेले नाव मागे पडे. आश्रय मिळाला, पोटाला अन्न मिळाले, विद्या मिळाली, याचे मोल कमी नाही. कोणी ते कमी लेखूही नये. पण दिलेला आश्रय आणि आपण होऊन घेतलेला मार्ग यांत अंतर असते. १९५६ साली आपल्या आईबापांनी धम्म स्वीकारला तो बाबासाहेबांनी वीस वर्षे विचार करून दाखवलेल्या वाटेने, डोळे उघडे ठेवून. शरणपूरच्या आठ-दहा वर्षांच्या लेकराला असे विचारणारे कोणी नव्हते. नावाची ही हानी ज्यांच्या घरात आजोबाचे नावच मोडून हाक मारली जायची, त्या आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको.

झाडावर कोरलेली अक्षरे

या मुलांपैकी काहींचे नाव मात्र जगाच्या इतिहासाला जोडले गेले. प्रसिद्ध संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईला आले, तेव्हा आफ्रिकेच्या पुढच्या सफरीसाठी त्यांनी नाशिकच्या आश्रमातून नऊ तरुण बरोबर घेतले. चुमा नावाचा तरुणही त्यांच्यासोबत होता. तो मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. पुढे १८७२ साली नाशिकचे आणखी सहा तरुण लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी गेले. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबिया देशातल्या चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. साहेब मेला, आता आपापल्या वाटेने निघून जावे, असे त्या माणसांना म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. साहेबाचे हृदय त्यांनी तिथेच एका झाडाखाली पुरले. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाले. हजार मैलांहून अधिक वाट, नऊ महिने, आजार, उपासमार, वाटेतल्या गावांचा विरोध. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. साहेबाचे कागद, वह्या, उपकरणे सगळे त्यांनी सांभाळून आणले होते. ते कागद वाचले म्हणून लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या सफरीचे पुस्तक छापता आले आणि त्या कामात चुमा आणि त्याचा सोबती सुसी यांनी मदत केली.

हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. शरणपुरात तो वाचायला शिकला होता. त्याच झाडाच्या बुंध्यावर त्याने लिव्हिंग्स्टन यांचे नाव आणि तारीख कोरली आणि खाली सोबतच्या तिघा आफ्रिकी माणसांची नावे कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. ॲबीतल्या त्या शिळेवर, विश्वासू हातांनी हा देह जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणला, अशा अर्थाचे शब्द आहेत. हातांचा उल्लेख आहे, पण त्या हातांच्या मालकांची नावे नाहीत!

वाचकहो, दोन लेख शेजारी ठेवून पाहा. एक राजधानीतल्या संगमरवरी मंदिरातला, त्यात नावे नाहीत. दुसरा आफ्रिकेच्या रानातल्या झाडावरचा, नाशिकला शिकलेल्या काळ्या तरुणाने चाकूने कोरलेला, त्यात सोबत्यांची नावे आहेत. इतिहास कोणी लिहावा, याचे उत्तर यातच आहे. ते झाड पुढे पडले, पण कोरलेला भाग कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत ठेवलेला आहे. जेकबने त्या दिवसांची रोजनिशीही लिहिली होती. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूविषयी त्यांच्या आफ्रिकी सोबत्याच्या हातची अशी ती एकमेव वही. ती आज स्कॉटलंडमध्ये जपलेली आहे.

जेकबचे पुढे काय झाले? विलायतेत चार दिवस कौतुक झाले. त्यानंतर तो आफ्रिकेत परतला आणि १८९२ साली उरांबो येथे वारला. देह वाहून आणणाऱ्यांसाठी सोसायटीने साठ पदके पाडली होती. माणसे पांगल्यामुळे ती अनेकांच्या हाती कधी पडलीच नाहीत.

त्याच वर्षी पुण्यात

हे सारे घडत होते ते १८७३ साल होते. त्याच वर्षी ५ जूनला झांझिबारच्या सुलतानाने करार करून माणसांचा बाजार बंद केला. आणि त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. आपल्या शूद्रादी अतिशूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. जोतीराव सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाच्या मुक्तीबद्दल लिहीत होते, तेव्हा गुलामीतून सुटलेली काळी माणसे पुण्याहून चार-पाच दिवसांच्या वाटेवर नाशिकला सुतारकाम शिकत होती.

काळ्या बांधवांशी आपले हे नाते पुढेही तुटले नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले आणि १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या प्रश्नाची कागदपत्रे मागवली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच तिथून आले. अशा समाजाने शरणपूर विसरावे, हे बरे नव्हे.

घंटेचे गाव

लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर विलायतेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लोकमत पेटले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे म्हणणे पडले की सुटलेल्या माणसांना हिंदुस्थानात आणण्याऐवजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवावे आणि त्या कामी नाशिकची शिकलेली माणसे घ्यावीत. नाशिकचेच प्राइस साहेब त्यासाठी पाठवले गेले. १८७५ साली मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर नवे गाव वसले. त्याला फ्रिअर टाउन नाव दिले. शरणपूर आणि मुंबई येथील सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्री-पुरुष तिकडे गेले. त्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांनी रान तोडले, घरे बांधली, शाळा चालवली. नाशिकला शिकलेला रंधा आणि थापी मोंबासाला कामी आली. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला तो त्याच सुमारास.

त्यांच्याही आधी, १८६४ मध्ये, नाशिकचे विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड मोंबासाजवळच्या रबाई गावी गेले होते. जॉर्ज डेव्हिडने रबाईचे काम अनेक वर्षे नेटाने चालवले. जोन्स आणि सेम्लर यांना १८८५ साली दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेत या मिशनची दीक्षा मिळालेले ते पहिले आफ्रिकी पाळक. रबाईत मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळे. मालक चिडून वस्ती जाळायला निघाले, तेव्हा इंग्रज कंपनीने पैसे भरून १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेच्या आसपास माणसांना सुटकेचे दाखले दिले. स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस दुसऱ्याच्या सुटकेसाठी उभा राहतो, हीच खरी मुक्ती.

तिकडेही सगळे गोड नव्हते. शिकलेल्या आफ्रिकी माणसाला गोऱ्यापेक्षा कमी पगार आणि कमी मान. १८८१ च्या सुमारास फ्रिअर टाउनमध्ये तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाने लोकांना फटके मारल्याचे प्रकरण एवढे वाढले की चौकशीसाठी प्राइस यांना पुन्हा जावे लागले. साखळी तुटली तरी चाबूक लगेच खाली पडत नाही, हे आपण आपल्याकडेही पाहिले आहे.

फ्रिअर टाउनला एक मोठी घंटा होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजवायची आणि गावाने सावध व्हायचे. ती घंटा आजही मोंबासात उभी आहे. त्या चौकाला लोक केंगेलेनी म्हणतात. स्वाहिली भाषेत केंगेले म्हणजे घंटा. नाशिकच्या चौकात द्वारका, मोंबासाच्या चौकात घंटा! नाशिकहून गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन त्या मोंबासात म्हातारपणापर्यंत जगला आणि १९३५ साली वारला. ज्या वर्षी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेच हे वर्ष. म्हणजे ही हकिकत काही पुराणातली नाही. आपल्या आजोबांच्या काळापर्यंत तिचा साक्षीदार जिवंत होता.

जे जपतात त्यांचेच राहते

मोंबासाच्या लोकांनी आपला इतिहास जपला. सुटलेल्या गुलामाच्या घरात जन्मलेल्या जेम्स म्बोटेला यांनी १९३४ साली स्वाहिली भाषेत आपल्या लोकांच्या सुटकेची हकिकत लिहून छापली. रबाईला संग्रहालय आहे. लंडनला २००७ साली, गुलामांच्या व्यापारबंदीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत ‘बॉम्बे आफ्रिकन’ लोकांवर प्रदर्शन भरले. त्यासाठी क्लिफर्ड परेरा या संशोधकाने जुने कागद धुंडाळले.

अमेरिकेतही हेच दिसते. कॅन्सस राज्यात १८७७ साली गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी निकोडेमस नावाचे गाव वसवले. आज तिथे मूठभर माणसे राहतात. पण पांगलेली कुटुंबे दरवर्षी गावी जमतात आणि १९९६ साली सरकारला ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर करावे लागले. अलाबामातले आफ्रिकाटाउन हे १८६० साली चोरून आणलेल्या ‘क्लोटिल्डा’ जहाजातल्या माणसांनी मुक्तीनंतर वसवले. मालकाने पुरावा नष्ट करण्यासाठी ते जहाज जाळून बुडवले. वंशजांनी मात्र गोष्ट तोंडातोंडी जिवंत ठेवली आणि २०१९ साली त्या बुडालेल्या जहाजाची ओळख पटली. दीडशे वर्षे ज्याला लोक दंतकथा म्हणत होते ते खरे निघाले!

शरणपूरचे वंशज समुद्रापलीकडे गेले, म्हणून इथे आठवण सांगणारे घर उरले नाही. मग ती आठवण कोणी ठेवायची? नाशिककरांनी. आणि नाशिकला तशी परंपरा आहे. ती पाहायची तर त्रिरश्मी लेण्यांवर जावे. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या दगडांवर राजे-राण्यांचे लेख आहेतच, पण एका लहान लेण्यावर मुगुदास नावाच्या कोळ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे नाव आहे. दुसऱ्या लेण्यावर उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे नाव आहे. कोळी असो, परदेशी असो, ज्याने हात लावला त्याचे नाव दगडावर. अठराशे-एकोणीसशे वर्षे झाली तरी ते वाचता येते. मुलांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवले, तेव्हा ‘इतिहास जपणे म्हणजे काय’ हे वेगळे सांगावे लागले नाही.

त्याच नाशिकमध्ये शरणपूर रोडवर एक साधा फलक लागावा, एवढी आमची महापालिकेला विनंती आहे. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड ही नावे त्यावर मराठीत असावीत. मुख्यालय त्याच रस्त्यावर आहे, लांब जायलाही नको!

आणि आपल्याला? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर हजारो स्त्री-पुरुष उभे राहिले. बाबासाहेब, कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांची नावे आपण जाणतो. पण त्या गर्दीत आपल्या गावचे कोण होते? कोणाची आजी शिदोरी बांधून गेली होती? कोणी मार खाल्ला, कोण तुरुंगात गेले? ती पिढी आता गेली आहे. ती हकिकत ऐकलेली त्यांची लेकरेही सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. झाडावर कोरलेल्या नावांना एक चाकू आणि एक शिकलेला माणूस पुरला. आपल्या घरात तर आता शिकलेली माणसे पाच-पाच आहेत.

तेव्हा सहलीला नाशिकला जाल तेव्हा द्वारकेहून रिक्षा करून शरणपूर रोडला जरूर जा, मुलांना ही गोष्ट सांगा आणि दुसरा दिवस त्रिरश्मीसाठी ठेवा. आणि घरी परतल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर आजी-आजोबांची खरी, पूर्ण नावे लिहा, त्यांचे मूळ गाव लिहा, आणि घरात जो सर्वांत वडील असेल त्याच्याजवळ बसून पुढचे पान त्याच्या तोंडून लिहून घ्या.